अक्काची खिडकी

"माझी नावं कुठं गेली?"

"कुठं जातील अक्का, आहेत की तिथंच. चित्राच्या खाली बघा, बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात."

"चित्र मोठं केलं ना, म्हणून नाव लहान दिसतंय. हे इथनं सरकवायचं, मग..."

"मला शिकवू नकोस. मी चार दिवस माहेरी काय गेले, मागं माझी खिडकी उचकटून ठेवलीस."

"उचकटली नाही हो. सरळ केली."

"म्हणजे माझी वाकडी होती?"

अंकिता हसली आणि तिथंच घोटाळा झाला. ती हसली ते आपल्याच बोलण्याला, पण भुवनेश्वरीनं, म्हणजे अक्कानं, ते हसू आपल्या नावावर लावून घेतलं. हातातली माहेरची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती. पिशवीत होटगीच्या आईनं दिलेली शेंगाचटणी होती, आणि धाकट्या जावेसाठी म्हणून मुद्दाम वेगळा बांधलेला पुडा. तो पुडा मग दोन दिवस पिशवीतच राहिला.

बाळीवेशीजवळच्या बोळात हत्तुऱ्यांचं घर आहे. वर बिऱ्हाड, खाली कारखाना. कारखाना म्हणजे भरतकामाची दोन मशिनं, कापायचं टेबल आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ. हत्तुरे शिवतात ते फक्त खिसे. शर्टाच्या खिशावर शाळेचं चिन्ह असतं ना, तेवढंच. दिवा, पुस्तक, हंस, कमळ, उगवता सूर्य. "शाळा काढणाऱ्यांना यापलीकडं काही सुचलेलंच दिसत नाही," असं भुवनेश्वरीचा नवरा गुरुशांत म्हणायचा. तो टेम्पो चालवायचा आणि माल पोचवायचा. चिन्हं काढायची, त्यात दोरा भरायचा, पेनड्राइव्हवर घालून मशिनला द्यायची, हे काम भुवनेश्वरीचं. गल्लीत, दुकानांत, फोनवर तिला सगळे अक्काच म्हणत. तिच्याहून वयानं मोठे दुकानदारसुद्धा.

कॉम्प्युटर आला तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती. पहिल्या वर्षी त्यात कसलासा व्हायरस शिरला आणि सगळी डिझाईनं खाऊन गेला. मग धाकटा दीर अमरेश, जो पुढं एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायला लागला, त्यानं लिनक्स घातलं. फुकट मिळतं आणि सहसा व्हायरस धरत नाही, एवढंच त्यानं सांगितलं. बाकीचं अक्का स्वतः शिकली. चुकत, रडत, अमरेशला वहिनीपणाची शपथ घालत.

फाइल उघडायची म्हटलं की पडद्यावर एक चौकट येते. डावीकडं फोल्डरांची पट्टी, उजवीकडं फाइलींची नावं. घरात तिला सगळे खिडकी म्हणत. आणि त्या खिडकीत काय दिसावं, हे इतकी वर्षं एकट्या अक्काच्या हातात होतं.

कारण तिची नावं. शाळांची नावं फाइलीला द्यायची सोय नव्हती. निम्म्या शाळांच्या नावात ज्ञान आणि उरलेल्यांच्या नावात विद्या. एकदा एकाचे खिसे दुसऱ्याला गेल्यावर अक्कानं नवी पद्धत काढली. ज्या दिवशी डिझाईन केलं, त्या दिवशी घरात जे घडलं ते फाइलीचं नाव. ‘चहा सांडला’. ‘गॅस संपला’. ‘होटगीची गाडी चुकली’. ‘हे रुसले’. ‘अंगठी हरवली’. कुणी म्हणालं की बार्शीकडच्या हंसाच्या शाळेचं काढा, की अक्का डोळे मिटायची आणि म्हणायची, "त्या दिवशी पाहुणे आले नि दूध नासलं. ‘दूध नासलं’ उघडा."

दुसऱ्या कुणाला ते सापडणं शक्यच नव्हतं. आधी ही अडचण होती. मग हळूहळू अक्काला कळलं की ही अडचण नाही, ही आपली जागा आहे. खालून "अक्काऽ" अशी हाक आली की ती तव्यावरची भाकरी उलटायची, हात पुसायची आणि जिना उतरायची. जरा सावकाशच. पुन्हा हाक यावी म्हणून.

अंकिता आली ती बार्शीची, बीसीए झालेली, अमरेशची बायको. बोलायला लाघवी, हाताला चपळ. अक्का माहेरी गेली त्या चार दिवसांत तिनं खिडकी बदलली. नावांना हात लावला नाही. उलट "अक्कांची नावं लई भारी आहेत, राहू द्या," असं म्हणाली. फक्त प्रत्येक फाइलीच्या जागी तिचं चित्र दिसेल असं केलं, हाताच्या तळव्याएवढं. शेवटी काम केलेली फाइल सगळ्यात वर येईल असं केलं. आणि डावीकडच्या पट्टीत पाच फोल्डर लावून प्रत्येकाला छोटी खूण दिली: दिवा, पुस्तक, हंस, कमळ, सूर्य. दिव्यावर टिचकी मारली की सगळे दिवे समोर, ताजं काम पहिलं.

नावं होती तशीच होती. आता ती कुणी वाचायचं कारण उरलं नव्हतं.

"बरं, अक्का," अंकिता म्हणाली होती त्या भांडणात, "तुम्हाला नको असेल तर मी परत करते पहिल्यासारखं. एका मिनिटाचं काम आहे."

एका मिनिटाचं. अक्काला वाटलं, हिनं माझी बारा वर्षं एका मिनिटात बसवली.

"राहू दे," ती म्हणाली. "शिकलेल्या माणसाला कुणी सांगावं."

खरं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. ती स्वयंपाकघरात होती आणि खालून हसण्याचा आवाज आला. नागव्वाचा. सासूबाई तोंडावर पदर धरून हसणारी बाई. मोकळं हसलेली अक्कानं क्वचित ऐकली होती. ती जिन्यात आली आणि वाकून बघितलं.

कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत नागव्वा बसली होती. पाय खुर्चीवर घेऊन, मांडी घालून, देवळात बसावं तशी. अंकिता शेजारी उभी.

"आता कुटं दाबू?"

"दिव्यावर, अव्वा. डावीकडं. हां, आता पहिलं चित्र."

"ह्ये? आलं की गं. नोड, बघ, आलं." नागव्वानं पडद्याला बोट लावलं. "मी उगडलं ह्ये. मी."

"तुम्हीच की. आता पेनड्राइव्हवर टाका."

नागव्वा लहानपणी कन्नड शाळेत दोन इयत्ता गेलेली. मराठी बोलायची भरपूर, वाचायची नाही. अक्कानं तिला कॉम्प्युटर शिकवायचं कधी मनातही आणलं नव्हतं. शिकवला असता तर ती शिकली असती का, हा प्रश्न अक्काला त्या जिन्यात पहिल्यांदा पडला, आणि तो पाडल्याबद्दल तिला अंकिताचा राग आला.

खाली सासूनं टाळीसाठी हात पुढं केला. अंकितानं टाळी दिली. अक्का वर गेली आणि भाकरी करपली.

त्यानंतरचे दिवस असे गेले की तिला कुणी हाक मारली नाही. एप्रिल-मे म्हणजे हत्तुऱ्यांचा हंगाम, शाळा उघडायच्या आत सगळा माल जायचा असतो. मशिनं थांबत नव्हती, पंखे गरम हवा ढवळत होते, आणि खाली गुरुशांतसुद्धा परस्पर खिडकी उघडून चित्र काढत होता.

"तुम्हीपण?" तिनं रात्रीच्या जेवणात विचारलं.

"सोपं झालंय गं. तुझं ते ‘हे रुसले’ कुठं शोधत बसू? मी किती वेळा रुसलोय मला तरी आठवतंय का?"

"एकदाच. फाइल एकच आहे."

"बरं झालं सांगितलंस. आता रुसलो तर चित्रासकट ठेव."

तो हसला. ती उठून ताटं घेऊन गेली.

मग अकलूजच्या युवराज शेठचा फोन आला. गणवेशाचं मोठं दुकान त्यांचं. अकलूजभोवतीच्या शाळांचं काम तेच मिळवून द्यायचे. दर हंगामात अक्का नमुन्याचे खिसे घेऊन एसटीनं अकलूजला जायची. वर्षातला हा एक दिवस तिचा एकटीचा. शेठ खुर्ची द्यायचे, उसाचा रस मागवायचे, आणि शाळेच्या हेडबाईंना सांगायचे, "ह्या आमच्या सोलापूरच्या अक्का. ह्यांना विचारल्याशिवाय आमचा टाका पडत न्हाय."

या वेळी फोन गुरुशांतनं घेतला. स्पीकरवर.

"ह्या टायमाला त्या नव्या वहिनींना पाठवा की. परवा मोबाईलवर चित्रं पाठवली त्यांनी, सगळी एका ओळीत. झटक्यात निवड झाली. अक्कांना कशाला एवढ्या उन्हात."

गुरुशांतनं अक्काकडं पाहिलं. अक्का लसूण सोलत होती. ती म्हणाली, "बरोबर आहे. ऊन फार आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. अंकिता अमरेशबरोबर बाहेर गेली होती, संध्याकाळी यायची होती. अक्का खाली गेली. खिडकी उघडली. वरच्या कोपऱ्यात एक बटण होतं, त्यात चित्रं दाखवायची की नाही ते ठरत होतं. तिनं ते बंद केलं. तळव्याएवढे दिवे, हंस, कमळं एका क्षणात गेली आणि तिची नावं परत आली, एकाखाली एक, काळी, ठसठशीत. मग तिनं क्रम बदलला. ताजं आधी, ते काढलं. अ-पासून सुरू, ते लावलं. जुनी ओळखीची रांग समोर उभी राहिली तेव्हा तिला खरोखर बरं वाटलं, घट्ट चप्पल काढल्यावर वाटतं तसं.

डावीकडच्या पट्टीला मात्र तिनं हात लावला नाही. त्या खुणा अव्वाला आवडायच्या. तेवढं राहू दे, असं तिच्या मनात आलं, आणि आपण किती समजूतदार आहोत असंही वाटलं.

तिचा बेत मोठा नव्हताच. अव्वा उठेल, खिडकी उघडेल, चित्रं दिसणार नाहीत, आणि ती हाक मारेल. बस. एक हाक.

ती वर जाऊन जिन्याच्या तोंडाशी बसली. खालून चाहूल आली. कारखान्यातल्या चटईवर आडवी झालेली नागव्वा उठली होती. अकलूजच्या शाळेचे खिसे करायचे राहिले होते, दिव्याचं चिन्ह, ते मशिनवर लावायचं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माउसची टिचकी. मग शांतता.

आता, अक्का मनात म्हणाली. आता मारेल.

आणखी एक टिचकी झाली. मग पेनड्राइव्ह काढल्याचा खट्ट आवाज, आणि थोड्या वेळानं मशिन सुरू झालं. खडखड खडखड, एका लयीत, कुणाच्याही हाकेवाचून.

म्हणजे म्हातारीला चित्राशिवायसुद्धा जमलं. खाली जाऊन बघावं, असं वाटलं अक्काला, नाही असं नाही. एक पाय तिनं खालच्या पायरीवर ठेवलाही. पण खाली गेलं की अव्वा सांगणार, मी उगडलं बघ, आणि त्यावर आपण हसायचं. तिनं पाय वर घेतला. मशिन दुपारभर चाललं आणि ती ऐकत बसली.

संध्याकाळी गठ्ठे बांधताना गुरुशांतनं एक खिसा उचलून उजेडात धरला.

"हे कुणाचं?"

"अकलूजचं," नागव्वा म्हणाली. "दिव्याचं."

"दिवा आहे, पण खाली नाव दुसऱ्याच शाळेचं आहे, अव्वा. सगळ्यांवर."

नागव्वानं खिसा हातात घेतला. दिवा बरोबर होता, गोल बरोबर, रंगही तोच. खालच्या अक्षरांवरून तिनं अंगठा फिरवला. "मी पयलंच घेतलं," ती म्हणाली. "अंकितानं सांगितलं तसं. दिवा दाबला, पयलं घेतलं. चित्रं नव्हती आली आज. मला वाटलं, लाईट कमी असंल."

एवढ्यात अंकिता आली होती, चपला काढत होती. ती सरळ कॉम्प्युटरकडं गेली आणि खिडकी उघडली. दिव्याच्या फोल्डरात अ-पासून लागलेली रांग होती, अकलूजचं ताजं काम खाली गेलं होतं आणि सगळ्यात वर जुनी ‘अंगठी हरवली’.

अंकितानं मान वळवून अक्काकडं पाहिलं. फार वेळ नाही. अक्का टेबलाला टेकून उभी होती, आणि तिच्या बोटात ती अंगठी नव्हती, कारण ती कधी सापडलीच नव्हती.

"अपडेट आलं असेल," अंकिता म्हणाली. "कधीकधी आपोआप बदलतं. मी आधी बघून जायला हवं होतं, अव्वा. चूक माझीये."

"तुजी कशी?"

"माझीच. मी लावून दिलं होतं."

नागव्वानं खिसा गठ्ठ्यावर ठेवला आणि मशिनवरची कातरी उचलली. "साकु, बास झालं," ती म्हणाली. "आपलं काम न्हवं ते. म्हातारपणी कशाला पायजे." आणि ती भिंतीकडच्या चटईवर जाऊन उरलेले दोरे कापायला बसली, पूर्वी बसायची तशी.

बोलायची वेळ होती, ती समोरून गेली, आणि अक्कानं ती जाऊ दिली.

रात्री वर भांडी आवरताना नागव्वा आपणहून तिला म्हणाली, "धाकटी गुणाची हाय. चूक कुणाची का असंना, उचलली तिनं. दुसरं कोण असतं तर मला म्हातारीला बोललं असतं."

"व्हय अव्वा," अक्का म्हणाली, आणि पातेलं इतकं घासलं की सासू म्हणाली, "अगं, भोक पडंल त्याला."

हे म्हणजे फारच झालं, असं अक्काला वाटत राहिलं. चांगुलपणाही हिनंच घ्यावा. मी केलेली चूकसुद्धा हिच्या पदरात जाऊन तिचं सोनं व्हावं.

खिसे पुन्हा शिवून झाले. खिडकीत चित्रं परत आली, पण नागव्वा खुर्चीकडं फिरकली नाही. "अंकिता, तू उगड" किंवा "अक्का, तू उगड", जी जवळ असेल तिला. म्हणजे हाका पुन्हा सुरू झाल्या होत्या. अक्काला हव्या होत्या तशा. पण आता हाक आली की ती जिना भराभर उतरायची, पुन्हा हाक यायच्या आत.

अकलूजला जायची सकाळ आली. अंकिता खाली टेबलावर नमुने पिशवीत भरत होती. नागव्वा चटईवर, कातरी हातात. गुरुशांत बाहेर टेम्पोचं ऊन लागलेलं सीट ओल्या फडक्यानं पुसत होता, अंकिताला स्टँडवर सोडायला.

"अक्का, पिशवी भरली," अंकिता म्हणाली. "तुम्ही जा."

"शेठनी तुला बोलवलंय."

"मी फोन केला त्यांना. म्हटलं, अक्काच येतील. ते म्हणाले, बरं."

"माझी शिफारस केलीस तू?"

"शिफारस कसली. तुमचंच आहे ते."

"माझंच आहे, तर तू कोण देणारी?"

अंकितानं पिशवीची चेन लावली. "दर वर्षी तुम्हीच जाता. मला उन्हाचा त्रासच होतो."

"खोटं बोलू नकोस. खोटं तुला चांगलं जमतं, ते कळलंय मला." अक्काचा आवाज खाली आला. "अपडेट आलं म्हणे."

अंकितानं पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली.

"आलं होतं अपडेट?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस? चार बोलणी खाल्ली असती मी आणि मोकळी झाले असते. आता सगळ्या घरात तू गुणाची. आणि मी रोज तुझ्या तोंडाकडं बघायचं, आज सांगतीस की उद्या."

"मी सांगणार नाही, अक्का."

"तेच तर."

चटईवरची कातरी थांबली होती. नागव्वानं मान वर केली नाही. हातातला खिसा उलटा करून ती दोरा शोधत राहिली.

"अव्वांना मी सांगून काय होणार," अंकिता हळू म्हणाली. "त्या परत खुर्चीत बसायच्या नाहीत. तुम्ही त्यांना सांगितलंत, ‘अव्वा, तुमचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं,’ तर बसतील."

"म्हणजे तुझ्यासमोर मी नाक घासायचं."

"माझ्यासमोर नको. मी वर जाते."

"किती गं चांगली तू."

पहिल्यांदा अंकिताचा चेहरा लाल झाला. "नाही मी चांगली. मला राग येतोय, कळलं का? त्या दिवशी इतका आला होता की तुमचं नाव जिभेवर आलं होतं. अकलूज पाहिजे, ही पिशवी घ्या. खिडकी पाहिजे, तीपण घ्या. आत्ता पहिल्यासारखी करून देते, तुमची नावं, तुमचा क्रम, परत हात लावणार नाही. मशिन घ्या, हाक घ्या. अजून काय पाहिजे तुम्हाला, अक्का? एकदा सांगा तरी."

बाहेर गुरुशांतनं हॉर्न दिला.

अक्काला माहीत होतं काय पाहिजे ते. ती चटईवरची बाई त्या दिवशी खुर्चीत मांडी घालून मोकळी हसली होती, आणि टाळीसाठी तिनं हात पुढं केला होता. तो हात तिला पाहिजे होता. तो पिशवीत भरून देता येण्यासारखा नव्हता.

तिनं सासूकडं पाहिलं. नागव्वाही आता तिच्याकडं बघत होती, कातरी मांडीवर ठेवून, काहीतरी ऐकायचं असल्यासारखी.

अक्कानं पिशवी खांद्याला लावली, उंबऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या आणि काही न बोलता उन्हात निघून गेली.